थांबलेली कॅरॅव्हॅन आणि वारा
(बंगळुरू येथे दिलेले व्याख्यान)



मोटारीमागे जोडून गावोगाव नेण्यासाठी बनवलेले चाकांवरचे घर, म्हणजे ज्याला आपण ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन म्हणतो ते, एकदा एखाद्या जागी कायमचे उभे करून ठेवले की त्याचे स्वरूप बदलते. त्याच्या मालकाला हा बदल सहसा जाणवत नाही. कारण चाके तशीच असतात, जोडणीचा दांडा तसाच असतो, आणि मनात आणले तर उद्या हे घर हलवता येईल ही भावनाही कायम असते. परंतु वाऱ्याला या भावनेशी काहीच कर्तव्य नसते. त्याच्या दृष्टीने ते जमिनीवर उभे असलेले एक घर असते, आणि तेही असे घर की ज्याला ना पाया आहे, ना भिंतींचे वजन. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढ्याच विसंगतीभोवती फिरणारे आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा असला तरी अगदी दूरचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. केरळनेही त्याच वर्षी तसे धोरण जाहीर केले. फिरण्यासाठी घेतलेली अशी वाहने काही वर्षांनी थकतात आणि मग एखाद्या शेतघराच्या आवारात पाहुण्यांची खोली म्हणून विसावतात. बंगळुरूच्या भोवताली तर याच जातीची दुसरी एक वस्ती आपण रोज पाहतो. बांधकामाच्या जागेवर क्रेनने आणून ठेवलेली पत्र्याची कार्यालये, पहारेकऱ्यांच्या खोल्या, विक्रीची दालने ही सारी वजनाने हलकी, आकाराने पेटीसारखी आणि जमिनीशी नुसती टेकलेली असतात. जे नियम कॅरॅव्हॅनला लागू पडतात ते बव्हंशी त्यांनाही पडतात.

प्रथम वाऱ्याचा विचार करू. भारतीय मानक संस्थेच्या ‘आयएस ८७५ (भाग ३)’ या संहितेत देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार विभाग पाडलेले आहेत. मोकळ्या प्रदेशात, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, सुमारे तीन सेकंद टिकणारा आणि सरासरीने पन्नास वर्षांतून एकदा येणारा जो झोत, त्याचा वेग तेथे आधारभूत मानला आहे. बंगळुरूसाठी हा वेग सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११९ किलोमीटर आहे. पुण्यासाठी तो ३९, मुंबई व नागपूरसाठी ४४, तर चेन्नई आणि कोलकाता यांच्यासाठी ५० आहे. म्हणजे देशातील मोठ्या शहरांत बंगळुरू सर्वांत शांत गटात मोडते. ही गोष्ट समाधानाची खरी. पण या समाधानानेच येथील माणूस गाफील राहतो, असे माझे मत आहे.

वेगाच्या आकड्यांवरून दाबाचा अंदाज बांधताना एक चूक फार सहज होते. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. दर सेकंदाला किती मीटर हा आकडा स्वतःशी गुणून त्याचा ०.६ भाग घेतला की न्यूटनमध्ये दर चौरस मीटरवरचा दाब मिळतो. ३३ मीटरच्या वाऱ्याचा दाब अशा रीतीने सुमारे ६५० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ६७ किलोग्रॅमच्या भाराइतका होतो. हीच कॅरॅव्हॅन मुंबईला नेली तर वेग ३३ चा ४४ होईल, म्हणजे तिसऱ्या हिश्शानेच वाढेल. पण दाब मात्र पावणेदोन पटींहून अधिक होईल. उलटपक्षी बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असल्यामुळे येथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ आहे, आणि तेवढ्या प्रमाणात प्रत्यक्ष दाबही कमी भरतो. ही सवलत निसर्गाने दिलेली आहे. हिशेबात ती न धरणेच बरे.

आता एक मध्यम आकाराची कॅरॅव्हॅन डोळ्यांपुढे आणा. लांबी ६ मीटर, रुंदी २.१ मीटर, पेटीची उंची २.२ मीटर, पेटीचा तळ जमिनीपासून अर्धा मीटर वर, दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १.९ मीटर आणि एकूण वजन १,२०० किलोग्रॅम. वारा तिच्या लांब बाजूवर आदळला की समोरच्या भिंतीवर दाब पडतो आणि मागच्या भिंतीवर ओढ बसते. दोन्ही मिळून सुमारे १,०५० किलोग्रॅम भाराइतके बल तिला आडवे ढकलते. हे बल पेटीच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर काम करते. बलाला अंतराने गुणले की उलथवणारे परिबल मिळते. ते येथे १,६८० येते. याला विरोध करणारे काय आहे? केवळ गाडीचे वजन. ते पलीकडच्या चाकांपासून ९५ सेंटिमीटर अंतरावर काम करीत असल्याने त्याचे परिबल १,१४० इतकेच भरते. म्हणजे नुसत्या बाजूच्या वाऱ्यानेच गाडी उलटते.

पण हिशेब येथे संपत नाही. छपरावरून जाणारा वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो. पुष्कळांना ही गोष्ट प्रथम पटत नाही. पाणी भरलेल्या पिंपावरचे झाकण वादळात खाली न बसता उडून जाते, हे मात्र सर्वांनी पाहिलेले असते. आपल्या कॅरॅव्हॅनच्या छपरावर ही ओढ सुमारे ५०० किलोग्रॅमची होईल. तिच्या वजनातून तेवढे वजन जणू वजाच झाले. दोन्ही परिणाम एकत्र घेतले तर असे दिसते की ही गाडी बंगळुरूत ताशी ८५ ते ९० किलोमीटरच्या झोतातच कलंडू लागेल. संहितेतील ११९ किलोमीटरची वाट पाहण्याची गरजच पडणार नाही.

ज्या शहरात आपण बोलत आहोत त्या शहराला हे गणित परके नाही. येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९५९ साली १४ फूट रुंद आणि ९ फूट उंच असा वातबोगदा सुरू झाला, आणि त्यात विमानांच्या जोडीने इमारतींच्या नमुन्यांवरही प्रयोग झाले. त्याही आधी डॉ. विष्णु माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून या संस्थेत आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. १९५१ साली उडालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण-विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडले. जमिनीलगत हवेचा प्रवाह मंदावतो आणि जसजसे वर जावे तसतसा वेग वाढतो, याचे शास्त्रीय विवेचन ज्या सीमास्तराच्या कल्पनेवर उभे आहे ती १९०४ साली मांडली ती याच प्रांट्ल यांनी. दाट वस्तीतील बुटक्या घराला वारा कमी लागतो आणि टेकडीच्या माथ्यावरील त्याच घराला अधिक, हे आपण अनुभवाने जाणतो. संहितेत त्यासाठी वेगळे गुणक दिलेले आहेत. नंदी टेकड्यांच्या बाजूला उघड्या चढावर उभी केलेली कॅरॅव्हॅन आणि जयनगरातील दोन इमारतींच्या मध्ये उभी केलेली कॅरॅव्हॅन यांना एक माप लावता येणार नाही.

विमानांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक उदाहरण देतो. हलके विमान जमिनीवर उघड्यावर ठेवावे लागते तेव्हा ते कधी मोकळे सोडीत नाहीत. दोन पंख आणि शेपटी यांना दोर बांधून ते जमिनीत पक्क्या केलेल्या कड्यांना जखडतात. पंख ही वस्तू उचलली जाण्यासाठीच बनवलेली असल्यामुळे वैमानिकाला याबद्दल शंका येत नाही. कॅरॅव्हॅनचा मालक मात्र आपली गाडी उडेल अशी कल्पनाही करीत नाही. तंबू ठोकणारा मनुष्य त्याच्यापेक्षा शहाणा म्हटला पाहिजे. सर्कशीचा असो वा तमाशाचा, तंबू उभा राहतो तो खांबांच्या नव्हे, तर तणाव्यांच्या आणि मेखांच्या जोरावर, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

संहितेतच एक कलम असे आहे की ज्याचा गैरफायदा, बहुधा अजाणता, घेतला जातो. बांधकामासाठी उभारलेल्या तात्पुरत्या शेडचे आयुष्य पाच वर्षे धरून, ३३ मीटरच्या विभागात आधारभूत वेग ०.८२ ने गुणण्याची मुभा आहे. वेग २७ वर येतो आणि दाब दोन तृतीयांश राहतो. थोड्या काळासाठी उभ्या राहणाऱ्या वस्तूला पन्नास वर्षांतले मोठे वादळ गाठण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण आपल्या देशात ‘तात्पुरते’ हा शब्द फार दीर्घायुषी असतो. पाच वर्षांसाठी आणलेली खोली पंधरा वर्षे उभी राहते, आणि तिला दिलेली सवलतही तेवढीच वर्षे चालू राहते. कायमची उभी केलेली कॅरॅव्हॅन या सवलतीस पात्र नाही. चाके आहेत म्हणून तर मुळीच नाही.

हलकी, मोठ्या पृष्ठभागाची वस्तू आणि अपुरा पाया यांची गाठ पडली की काय होते, हे १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला दिसले. वळवाच्या वादळात १२० फूट लांब आणि तितकाच उंच जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणांस मुकली. तो फलक कॅरॅव्हॅन नव्हता, हे उघड आहे. परंतु वाऱ्याने त्याला विचारलेला प्रश्न तोच होता : तुला जमिनीने किती घट्ट धरले आहे?

आता उपायांकडे वळू. आपल्या उदाहरणात उलथवणारे एकूण परिबल सुमारे २,१५५ आणि विरोध १,१४० होता. म्हणजे तूट सुमारे १,०१५ ची. वाऱ्याकडील बाजूने दोन उभे ताण दिले, तर पलीकडच्या चाकांपासून ते दोन मीटर अंतरावर असल्याने प्रत्येकावर सुमारे २५० किलोग्रॅमचा भार येईल. तो दुप्पट धरून प्रत्येक ताणासाठी ५०० किलोग्रॅमची पकड जमिनीत हवी. ६० सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशा काँक्रीटच्या ठोकळ्याचे वजन जवळजवळ एवढेच भरते. तेव्हा चार कोपऱ्यांना असे चार ठोकळे जमिनीत पुरावेत. चारही कोपऱ्यांना का, हे सांगणे अवश्य आहे. जून ते ऑगस्ट या काळात बंगळुरूला पश्चिमेचा वारा सतत वाहतो आणि त्यावरून लोक समजतात की पश्चिमेची बाजू सांभाळली की झाले. पण येथील घातक झोत एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येतात. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ढग ज्या बाजूला असेल त्या बाजूने झोत येतो, आणि काही मिनिटांतच तो दिशाही बदलतो.

ठोकळ्याविषयी दोन गोष्टी. काँक्रीटमध्ये बसवावयाचे कडे नुसते वरून खोचलेले नसावे. त्याची सळई ठोकळ्याच्या खालच्या भागापर्यंत जाऊन तेथे वाकवलेली असावी, नाहीतर कडे उपटून येते आणि ठोकळा जागेवरच राहतो. दुसरी गोष्ट पाण्याची. खड्ड्यात पाणी साचून राहिले तर बुडालेला ठोकळा आपण बाजूला सारलेल्या पाण्याइतका हलका होतो. आपल्या ठोकळ्याच्या बाबतीत ही घट २१६ किलोग्रॅमची, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. दुप्पट धरलेला भार येथे उपयोगी पडतो. तथापि पाण्याला उतार काढून देणे हे ठोकळा मोठा करण्यापेक्षा स्वस्त पडते.

ठोकळ्यांऐवजी जमिनीत फिरवून बसवण्याचे मळसूत्री अँकरही मिळतात. बंगळुरूची तांबडी माती मार्चमध्ये इतकी कडक असते की अँकर आत जाता जात नाही, आणि दोन पावसांनंतर तीच माती मऊ होते. म्हणून त्याची परीक्षा भिजलेल्या जमिनीत, चेन-पुलीने ओढून करावी. सोलापूर किंवा विजापूरकडील काळ्या मातीत मात्र मी अशा अँकरवर भिस्त ठेवणार नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि नेमक्या वळवाच्या दिवसांत तिला हातभर खोल भेगा असतात. तेथे ठोकळा भेगांच्या खाली, मुरमापर्यंत नेलेला बरा. वाळूची पोती चाकांवर किंवा दांड्यावर रचून ठेवण्याची जी रीत दिसते तिच्यात फारसा अर्थ नाही. पन्नास किलोची दहा पोती म्हणजे एका ठोकळ्याइतके वजन खरे, पण ती गाडीला बांधलेली नसतात. गाडी त्यांना सोडून जाते.

जमिनीतील पकड पक्की झाली तरी काम अर्धेच होते. ताण कोठे बांधावयाचा हा खरा नाजूक भाग आहे. चॅसीला बांधला तर चॅसी जागेवर राहते. पण ॲल्युमिनियमचा पत्रा आणि प्लायवूड यांची पेटी चॅसीवर बहुधा थोड्याशा स्क्रूंनी बसवलेली असते, आणि वर्षांनुवर्षांच्या ओलीने ते लाकूड कुजलेले असते. अमेरिकेत अशा घरांत लक्षावधी लोक राहतात. तेथे जून १९७६ पासून त्यांच्यासाठी देशव्यापी संहिता लागू आहे. तरीही ऑगस्ट १९९२ मधील ‘अँड्र्यू’ चक्रीवादळात दक्षिण फ्लॉरिडातील अशी बहुतेक सारी घरे नष्ट झाली, आणि १९९४ मध्ये वाऱ्याविषयीचे नियम अधिक कडक करावे लागले. जुन्या हलक्या घरांना तेथे दोन प्रकारचे बंध देतात : एक चॅसीपासून जमिनीपर्यंत तिरपा, आणि दुसरा छपरावरून घेतलेला रुंद पट्टा. थांबलेल्या जुन्या कॅरॅव्हॅनला हे दोन्ही द्यावेत असे मी म्हणेन. छपराच्या कडेला पट्ट्याखाली लाकडी फळी ठेवावी, म्हणजे पत्रा चेपणार नाही. तिरपा बंध गाडीला सरकण्यापासूनही रोखतो. मात्र ४५ अंशांच्या तिरप्या बंधात उभ्यापेक्षा सुमारे १.४ पट ताण येतो, हे तार निवडताना विसरू नये.

तार म्हणजे तारदोरच हवा. काथ्या आणि नायलॉन दोन्ही ताणतात, आणि सैल पडलेला बंध हा बंध नसण्यापेक्षा फारसा चांगला नसतो. झोताबरोबर गाडी उचलली जाते आणि दोराला हिसका बसतो. तारदोराचे टोक वळवून क्लिपा लावताना यू-बोल्टचा वाक आखूड टोकाकडे आणि क्लिपेचे खोगीर भार घेणाऱ्या लांब दोराकडे यावे. निदान तीन क्लिपा असाव्यात. हे उलटे लावलेले मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ताण कमी-अधिक करण्यासाठी मध्ये टर्नबकल घालावे आणि ते आपोआप उलगडू नये म्हणून त्यातून तार ओवून ठेवावी.

टायर आणि स्प्रिंगा यांवर उभी असलेली गाडी वाऱ्यात डोलते, टायरमधील हवाही हळूहळू जाते, आणि दोन्हींमुळे बंध सैल पडतात. म्हणून चॅसीखाली विटांचे किंवा काँक्रीटचे खांब बांधून भार त्यांवर घ्यावा. गाडीबरोबर येणारे कोपऱ्यांचे जॅक हे डोलणे थांबवण्यासाठी असतात, वजन पेलण्यासाठी नव्हे. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. पेटीचा तळ आणि जमीन यांमधील मोकळी जागा विटांनी किंवा फळ्यांनी बंद केली की खालून शिरणारा वारा अडतो. फक्त ओल कोंडू नये इतकी झरोक्यांची सोय ठेवावी.

दारे-खिडक्यांना लोक हवे तितके महत्त्व देत नाहीत. वाऱ्याकडील खिडकी फुटली की हवा आत शिरते आणि छपराला खालून ढकलू लागते, तर वरून ओढ चालूच असते. भिंतीच्या पाच टक्क्यांहून कमी उघाड असता आतील दाबाचा जो गुणक संहितेत ०.२ धरला आहे तो मोठ्या उघाडाला ०.७ होतो. याच कारणाने दाराचा अडसर मजबूत हवा. दाराबाहेरची कापडी छत्री तर ढग दिसताच गुंडाळून ठेवावी.

आपल्या हवेत मात्र एक विशेष संकट संभवते. उन्हाने कॅरॅव्हॅन भट्टीसारखी तापते, म्हणून मालक तिच्यावर लोखंडी खांबांचे पत्र्याचे छप्पर घालतो. हे छप्पर चारही बाजूंनी उघडे असल्याने वारा त्याला खालूनही उचलतो, आणि ते कॅरॅव्हॅनपेक्षा आकाराने मोठे असते. पत्र्यावर दगड ठेवण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगी नाही. ३३ मीटरच्या वाऱ्यात छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर ओढ मध्यभागाच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकते. तेथे दहा किलोचा दगड पत्र्याबरोबरच उडतो आणि कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत असंख्य छपरे गेली. असे छप्पर जाते ते बहुधा त्याच्या कडेकडून, एकेक हूक सुटत. छप्पर घालावयाचेच असेल तर त्याचे खांब स्वतंत्र पायात रोवावेत, कडेच्या ओळीतील हूक-बोल्ट दुप्पट करावेत, आणि त्याचा कोणताही भाग कॅरॅव्हॅनला बांधू नये. सावलीसाठी गुलमोहराखाली गाडी लावणे हा तर मला सर्वांत महाग उपाय वाटतो. बंगळुरूत वळवाच्या प्रत्येक वादळानंतर रस्त्यांवर आडवी झालेली झाडे मोजण्याइतकी असतात.

हे सारे केले तरी त्यातून मालमत्तेचे रक्षण होते, माणसांचे होईलच असे नाही. वादळाचा इशारा असेल, किंवा आकाश काळवंडून एकाएकी थंड झोत सुरू झाला, तर कॅरॅव्हॅनमधून उठून जवळच्या पक्क्या इमारतीत जावे. ती कोठे आहे आणि रात्री तिचे दार कोण उघडेल, हे पाहुण्यांना आल्या दिवशीच सांगून ठेवावे. ज्या शेतघरात पक्की खोलीच नाही तेथे कॅरॅव्हॅनमध्ये कोणास मुक्कामास ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दरवर्षी मार्चमध्ये, वळीव सुरू होण्यापूर्वी, एक सकाळ या कामासाठी ठेवावी. टर्नबकल फिरवून ताण सारखा करावा. क्लिपांच्या चाक्या आवळाव्यात. छपरावरचा पट्टा उन्हाने कडक झाला असेल तर बदलावा. पेटी चॅसीला जेथे जोडली आहे तेथील लाकूड टोच्याने टोचून पाहावे. कड्याची सळई जमिनीशी लागून असलेल्या वीतभर भागातच बहुधा गंजते. तेथील माती उकरून ती पाहावी, आणि तारदोराच्या काही तारा तुटलेल्या दिसल्या तर तो दोर पावसाची वाट न पाहता बदलावा.